ना काटे, ना वास

"त्याच्या पुढचं परत वाच. काटे नायत त्ये कललं. पुढचं वाच."

आईचा हा आवाज. सत्तावीस वर्षं झाली, पण अजून कानात तसाच आहे, समुद्रात भिजून उन्हात वाळलेल्या दोरासारखा खरखरीत. स्वयंपाकघरात ती पाटावर बसली होती, एक गुडघा उभा, हातात पत्र्याचा गोल डबा. मी भिंतीला टेकून रंगीत पत्रक वाचत होते.

"ना काटे, ना वास, ना त्रास," मी वाचलं. "वीस मिनिटांत अख्ख्या घराचं सोपं जेवण."

"ना वास म्हंजी? येतच नाय?"

"म्हणजे त्रास होण्याइतका येत नसेल, आये."

"तसं लिवलंय का?"

"नाय. नुसतं 'ना वास' लिवलंय."

"मग नुसतं तेवरंच वाच. तुजं काय त्यात मिसलू नको."

तिनं डबा कानाशी नेऊन हलवला. आतली मासळी काही बोलते का, बघत असावी. मग उलटा केला, सुलटा केला, त्यावरच्या माशाच्या चित्रावर बोट दाबून पाहिलं. तीस वर्षं तिचं बोट माशाच्या अंगावर दाबलं गेलं होतं. चित्रातला मासासुद्धा त्यातून सुटला नाही.

"याचं डोकं कुठं हाय?"

"डोकं काढून टाकतात."

"कल्ला?"

"तोपण."

"डोला?"

"आये, डोकंच नाय तर डोळा कुठून असेल?"

"मग याला ताजा-शिला कोन ठरवतं?"

"तारीख असते. ही बघ, खाली छापलीय."

तिनं अंगठ्यानं ती तारीख हळूच चोळली, पुसली जाते का बघितलं. पुसली नाही. "बरं हाय," ती म्हणाली. "मावऱ्याच्या अंगावरच लिवलं की कोनाला काय इचारायचं ऱ्हातच नाय."

त्या वेळी मला ती टोमणा मारते आहे असं वाटलं. त्या दिवसांत आईचं प्रत्येक वाक्य मला टोमणाच वाटायचं.

देवखार बंदरात माझ्या आईचं, पोशीबायचं, नाक प्रसिद्ध होतं. लिलावाला टोपली उतरली की बायका म्हणायच्या, थांबा, पोशीला येऊ दे. आई यायची, माशाचा कल्ला उचलायची, नाक खाली न्यायची आणि सांगायची, "रातचं हाय." किंवा "परवाचं, बर्फावर निजवलेलं." त्यावर वाद नसे. एकदा एका दलालानं वाद घातला, तर आईनं त्याला त्याच्याच टोपलीतल्या सुरमईचा किनारा, बोट आणि उतरवल्याची वेळ सांगितली. तेव्हापासून तो दलाल आईला बघितलं की टोपली झाकायचा.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला तर मच्छीमार सोसायटीनं आईचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि नाकाचाच सत्कार म्हणून सोसायटीतर्फे एक नथही दिली. चेअरमन माइक धरून म्हणाले, "पोशीबायचं नाक हे तिचं एकटीचं नाय, आख्ख्या बंदराचं नाक हाय!" टाळ्या पडल्या. शेजारच्या बंदरातले पाहुणे खाली मान घालून बसले होते. त्यांच्याकडे असं नाक नव्हतं. आई स्टेजवर पदर तोंडाशी धरून उभी होती. लाजली असेल असं आम्ही समजलो.

त्याच्या आधीच्या दिवाळीपासून, म्हणजे तिचा मोठा ताप उतरल्यापासून, आईला एक नवा नाद लागला होता. पहाटे लिलावाला ती मला ओढत न्यायची. टोपलीपुढे बसवायची आणि चारचौघींत मोठ्यानं विचारायची, "सांग वैजू, कसं हाय?"

मी वास घ्यायचे. "काल संध्याकाळचं."

"बराबर!" आई ओरडायची. "बघा गो, माज्या लेकीचं नाक!"

मग पुढची टोपली. परत "सांग वैजू." परत "बराबर." शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा माझी इतकी परीक्षा घेतली नव्हती, आणि इतके पैकीच्या पैकी तर कधीच दिले नव्हते. बायका म्हणायच्या, पोशी पोरीला तयार करतेय. मला वाटायचं, तयार नाही, बांधून घालतेय. बारावी झालेल्या मुलीला पाटीच्या, म्हणजे मासळी विकायच्या टोपलीच्या, बुडाला सुतळीनं बांधतेय.

कारण मला पाटीवर बसायचं नव्हतं. डबाबंद मासळीच्या एका कंपनीत मी मुलाखत देऊन आले होते आणि निवडली गेले होते. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आई हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. "बंदी उठल्यावर बगू," एवढंच. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायची होती महिना-दीड महिन्यानं. बोटी किनाऱ्यावर झापांखाली झोपलेल्या, घरात ताजं मावरं, म्हणजे मासळी, नाही, सुक्यावर भागवायचं. आणि आज शनिवार होता.

मुलाखतीला आलेल्या प्रत्येकीला कंपनीनं एक पिशवी भेट दिली होती. तिच्यात मासळीचे दोन डबे, पास्त्याचा एक पुडा आणि हे पत्रक होतं. मी ठरवलं, आज हेच रांधायचं. एकदा घरानं खाल्लं, एकदा आई म्हणाली की बरं हाय, तर त्या कंपनीत जाणं म्हणजे काही परक्या मुलखात जाणं नाही, हे तिला पटेल. ताटातून जाणारी वाट तोंडानं समजावण्यापेक्षा सोपी असते, असं मला तेव्हा वाटायचं. एकोणीस वर्षांची होते मी.

"पदार्थाचा फोटू दाखव," म्हणत बाबा आत आले. माझे बाबा, पदा नाखवा, आमच्या बोटीचे मालक आणि ती हाकणारे तांडेल. समुद्रावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द. बंदीच्या दिवसांत मात्र त्यांना घरात कुठं बसावं ते कळायचं नाही. ते या खोलीतून त्या खोलीत नांगर शोधत फिरायचे.

त्यांनी पत्रक हातात घेतलं. फोटोत एक बाई मोकळे केस सोडून रांधत होती आणि तिचा नवरा टाय लावून टेबलाशी बसला होता.

"यांच्याकडं आज काय हाय? साखरपुडा?"

"नाय बाबा. रोजचं जेवण आहे."

"रोज टाय घालून जेवतो? मग हात कवा धुतो?" त्यांनी पास्त्याचा पुडा उजेडात धरला. पिवळसर नळ्या, दोन्ही टोकांना तिरप्या कापलेल्या. "ह्ये तं जालाच्या बोया हायत. तरंगतील बघ."

"बाबा, डबा उघडून द्या ना."

डबा उघडायची चावी पत्रकात होती, पिशवीत नव्हती. बाबांनी बोटीच्या फळ्यांत कापूस ठोकायची पटाशी आणली, डबा दोन पावलांच्या मध्ये धरला आणि हातोडी मारली. तेलाची एक पिचकारी उडाली ती थेट त्यांच्या सदऱ्यावर. बाबांना मात्र बरं वाटलं. महिनाभरानं त्यांना कुणी काम सांगितलं होतं.

"टूना," त्यांनी डब्यावरचं अक्षर अक्षर जुळवून वाचलं. मग आत बघितलं आणि हसू लागले. "आगो, हा तं आपला कुपा! पोशे, बघ, कुपा हाय! पाटीवर कोनी इचारत नाय त्याला."

"गावात कुपा, कंपनीत टूना," दारातून आवाज आला. "आपली वैजूबी उद्या तशीच होनार. नाव काय गो ठेवलं तुजं कंपनीनं?"

धाकली आत्या. बाबांची धाकटी बहीण. ती आमच्या पट्ट्यातली धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून वरातीपर्यंत ती धवले गाते, देवाला बोलावते, पूर्वजांना बोलावते, आणि मध्ये मध्ये वऱ्हाडातल्या कुणाचं काय चुकलं ते सुरात सांगून टाकते. देवांची नावं लोक विसरतात. हे दुसरं विसरत नाहीत. एका मामानं आहेरात जुनी पैठणी इस्त्री करून दिली होती. तो मामा वारला, पण त्याची पैठणी अजून दर हळदीला निघते. येत्या गुरुवारी वाडीत हळद होती. म्हणून आत्याला घरी बोलावलं नव्हतं. म्हणूनच ती आली होती.

"बस धाकले," आई म्हणाली. "जेवूनच जा."

"जेवायलाच आले. वाडीत आवाज गेलाय, पदा नाखवा घरात बोट फोरतोय." ती ओट्यावरच्या डब्याकडे बघून क्षणभर गप्प झाली, आणि मला कळलं की आता येणार. आत्या गप्प झाली की आत यमक जुळत असायचं.

"डब्यानच्या माश्याला गो, नाय डोकं नाय शेपटी,
पदा नाखव्याच्या घरात गो, पटाशीनं फोरली पेटी."

"हे गुरुवारी गायचं नाय," मी म्हटलं.

"आता मी नाय ठरवत. गाना आला की आला."

"आत्या!"

"वरडू नको. चांगलं रांधलंस तं चांगलं गाईन. आन हे वास काय मारतंय तेलाचं? नाक उठलं माजं."

आई पाटावरून थोडी उठली, डबा हातात घेतला, आणि मी गेल्या कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं ते तिनं केलं. मला न विचारता, सरळ, सगळ्यांदेखत तिनं डब्यावर नाक नेलं. लांब श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर मी एक सुटल्यासारखं हसू बघितलं.

"खरंच गो," ती म्हणाली. "वासच नाय. कागदावर लिवलंय तसंच."

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. बाबांच्या सदऱ्याला वास येत होता. भिंतीला वास येत होता. दाराबाहेर दोन मांजरं येऊन बसली होती.

"वयनी," आत्या म्हणाली, "तुज्या जिभंला आज धार हाय."

बाबा हसले. मी नाही हसले. आईनं कंपनीची, पत्रकाची आणि माझी एका वाक्यात चेष्टा केली, असं मी धरून चालले. आईनं आधी आत्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. तिचं हसू हळूहळू आत गेलं आणि तिनं डबा खाली ठेवला.

"हां," ती म्हणाली. "मजा केली."

मी कांदा चिरला, लसूण ठेचली, टोमॅटो बारीक केला. आईला उभ्यानं रांधणं जमत नसे, म्हणून शेगडी जमिनीवरच होती. एका टोपात पाणी उकळून त्यात नळ्या सोडल्या. त्या खरंच तरंगल्या. बाबांनी "बघ!" म्हणून मांडी थोपटली.

"किती शिजवायच्या?" आत्यानं विचारलं.

मी वाचलं, "दातांखाली किंचित लागेल इतपत."

"कोनाच्या दातांखाली?" बाबांनी विचारलं. त्यांचे वरचे चारच शिल्लक होते.

दुसऱ्या टोपात फोडणी पडली. टोमॅटो मऊ झाला, त्यात मी दोन्ही डबे रिकामे केले. पत्रक म्हणत होतं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. आई म्हणाली, "तिखट टाक, चव येनार नाय." दिवाळीपासून तिच्या हातचं कालवणही असंच झालं होतं, मीठ जास्त, मिरची जास्त. बाबा मुकाट पाणी प्यायचे. मी थोडं तिखट टाकलं. तिनं माझ्या नकळत आणखी टाकलं. ते मी बघितलं.

तेवढ्यात आत्यानं ओटीवरून हाक मारली. "वैजू, जरा इकरं ये गो. पान लावून दे."

"आये, पाच मिनिटं बघशील?"

"बसलेय ना," आई म्हणाली. शेगडी तिच्यापासून एक हात लांब होती.

आत्याला पान नको होतं, बातमी हवी होती. "खरं सांग, कंपनीत करनार काय तू?"

"टेबल आहे, खुर्ची आहे. वहीत लिहायचं."

"काय लिवायचं?"

"जे असेल ते."

"पाटी सोरून वही. बरं हाय. आन तुजी आय? तिच्या बाजूला कोन बसंल?"

"आईला कुणाची गरज नाय. तिला अख्खं बंदर विचारतं."

आत्यानं पान तोंडात टाकता टाकता हात थांबवला. नाक वर केलं. "काय जलतंय?"

मी धावले. दारापासूनच तो वास नाकात घुसत होता, कडू, करपट, मासळी आणि लसूण एकदम जळल्याचा. स्वयंपाकघरात टोपाच्या झाकणाखालून धुराची बारीक रेघ निघत होती. आणि आई तिथंच बसली होती. पाठ अर्धी शेगडीकडे, हातात ते पत्रक. ती मोकळ्या केसांच्या बाईचा फोटो बघत होती, शांतपणे, देवळाच्या पायरीवर बसावं तशी.

मी शेगडी बंद केली. झाकण काढलं. तळाला सगळं काळं धरलं होतं.

"आये!"

ती दचकली. टोपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी भीती म्हणायला हवं होतं. मी त्याला वेगळं नाव दिलं.

"मुद्दाम जाळलंस तू," मी म्हणाले.

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबाही आले. बाहेर मांजरं ओरडत होती.

"पोशीचं नाक," आत्या हळू आवाजात म्हणाली, "लिलावाच्या दुसऱ्या टोकाची टोपली वलखतं. आन हातभर लांबचा टोप जलतो तो कलत नाय? वयनी, पोरीवर इतका राग?"

"सांग ना आये," मी म्हणाले. "जायचं नाय तर नाय म्हण. स्वयंपाक कशाला जाळतेस? मी काय वाईट केलं?"

आईनं पदर सावरला. मग तिनं मान वर केली, सत्काराच्या दिवशी नथ घेताना केली होती तशी.

"हां," ती म्हणाली. "मुद्दाम जाललं. झालं?"

तीस वर्षांच्या संसारात बाबा वादळाचे सगळे प्रकार ओळखायला शिकले होते. हे वादळ त्यांनाही ओळखता आलं नाही.

आम्ही जेवलो. सांगायला आता गंमत वाटते, पण जेवलो. वरवरचं जे करपलं नव्हतं ते मी काढून नळ्यांत मिसळलं आणि चार ताटल्या वाढल्या. नळ्या ताटलीत गोल फिरत होत्या, बाबांच्या चार दातांना सापडत नव्हत्या. "दाताखाली लागत नाय, दातापासून पलतंय," बाबा म्हणाले. नेहमी अशा वाक्यावर सगळ्यांत मोठ्यानं आई हसायची. ती खाली मान घालून खात होती. करपटलेलं, तिखटजाळ ते तिनं सगळं संपवलं, परत थोडं घेतलं, आणि म्हणाली, "चांगलं झालंय गो, वैजू."

तेवढ्यानं मी रडू लागले. जाळून वर चांगलं म्हणते, असं मला वाटलं. अन्नात मन घातलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नसेल.

आत्या घास चावत शून्यात बघत होती. मला भीती होती ती तीच. उठताना तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि अगदी खालच्या पट्टीत, अजून पक्कं न झालेलं, म्हणून बघितलं.

"चुलीवरी टोप गो जलं, बाजूला पोशी बसली,
बंदराच्या नाकाला गो, लेकीची नोकरी डसली."

बाबा म्हणाले, "धाकले, हे नको. हे घरातलं हाय."

"गाऊ दे तिला," आई म्हणाली.

"वयनी, हळदीला आख्खी वाडी असंल."

"असू दे. गा. शबूद चांगले बसलेत." आणि तिनं ताटल्या गोळा करायला घेतल्या.

आत्यानंही तेव्हा जरा घाबरून बघितलं. जिची चेष्टा करायची तीच शब्दांची तारीफ करते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. ती निघून गेली. बाबा बोटीकडे गेले. बोट जागची हलली नसेल याची त्यांना खात्री करायची होती.

मागच्या दारी आई टोप घासायला बसली. उजेड अजून होता, माडांच्या झावळ्यांवर शेवटचा पिवळा. मी तिच्यासमोर राख घेऊन बसले. दोघी एकाच टोपाला दोन बाजूंनी घासत होतो. काळं सुटत नव्हतं.

मला वाटलं आता सगळं संपलंच आहे, तर लपवून काय करायचं.

"आये, नोकरीचं मी सगळ्यांना खोटंच सांगितलं होतं. तिथं वही आहे, पण लिहायचं काम थोडं. काम वासाचं आहे."

तिचा हात थांबला.

"मुलाखतीत त्यांनी माझ्यापुढं तीन वाट्या ठेवल्या. तिन्हींत मासळी. म्हणाले, कुठली ताजी सांग. मी कुठली ताजी ते सांगितलं, कुठली किती तास बर्फाबाहेर होती ते सांगितलं आणि तिसरीला कुणाच्या तरी हाताचा साबण लागलाय तेपण सांगितलं. तिथला साहेब उठून उभा राहिला. डबा बंद करण्याआधी रोज वास घ्यायचा, ही नोकरी आहे. मशीन काही सांगत नाय, शेवटी नाकच लागतं. तुझ्याकडून शिकले ते नाक त्यांनी निवडलं. मी सांगितलं नाय, कारण पाटी सोडून वासच घ्यायला निघालेय म्हटल्यावर वाडी हसली असती."

आईच्या हातातून राखेचं पाणी टोपात ठिबकत होतं.

"तारीख टाकायच्या आधी?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हंजी ती डब्यावरची तारीख... ती तुज्या नाकानं पडनार?"

"माझ्या आणि तिथं आणखी दोघी आहेत त्यांच्या."

तिनं माझं नाक दोन बोटांत धरलं, लहानपणी शेंबूड पुसायची तसं. राख लागली. "जा," ती म्हणाली. "सोमवारी हो सांग. जा तू."

पुढं मी गेले. बावीस वर्षं वासाचा पगार घेतला. आणि इकडं नारळी पुनवेनंतर बोटी पाण्यात उतरल्या तेव्हा देवखार बंदरात एक नवीन गोष्ट घडली. पोशीबाय पाटीवर एकटी बसू लागली, आणि गिऱ्हाईक आलं की स्वतः वास घ्यायच्या ऐवजी कल्ला उघडून गिऱ्हाइकाच्या नाकापुढे धरू लागली. "तूच हुंग बाय. माज्यावर भरवसा नको, तुज्या नाकावर ठेव." डॉक्टरीणबाई हुंगायच्या, शाळेच्या बाई हुंगायच्या, शिळं असलं तर नाक मुरडायच्या, आणि आई ते बाजूला टाकायची. असा प्रामाणिकपणा कोणी बघितला नव्हता. पाटीपुढे रांग लागायची. चेअरमन पुन्हा एकदा सत्कार करणार होते. आईनंच नको म्हटलं. धाकल्या आत्यानं ते टोपाचं गाणं त्या गुरुवारी गायलं नाही, पुढंही कधी गायलं नाही. का, ते मी तिला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आईच्या त्या प्रामाणिकपणामागचं कारण लोकांना कळलं नाही. मला मात्र त्या संध्याकाळीच कळलं होतं, मागच्या दारी, त्या टोपाशी.

"जा" म्हणाली ना ती. आणि माझा राग मात्र अजून गेला नव्हता. मी तिचा हात नाकावरून काढला आणि विचारलं, "जा म्हणायचं होतं, तर मग जाळलंस कशाला?"

आई टोप घासू लागली. घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं. तिनं टोप उचलला, त्याच्या काळ्या तळावर नाक टेकवलं, खोल श्वास घेतला, आणि टोप माझ्यापुढे धरला.

"अजून येतो का गो?"

"येतो की. केवढा तरी."

"मी नाय जाललं, वैजू," ती म्हणाली. "जलतंय त्ये मना कललंच नाय. दिवालीच्या तापात माजा वास गेला, तो परत आला नाय. सव्वीस जानेवारीला नथ घेतली तवाबी नव्हता. त्या तापापासून सगलं मावरं मी तुज्याच नाकानं इकलंय."